काजलच्या दातांचा साचा

मित्रांनो, दचकू नका. मी एक जुना जबडा आहे.

खरा नव्हे, प्लास्टरचा. नागपुरात प्रताप नगरला डॉक्टर मधुवंती यांचा दातांचा दवाखाना आहे. वाकडे दात तारेने सरळ करणं हे त्यांचं मुख्य काम. दवाखान्याच्या मागच्या खोलीत भिंतभर फळ्या आहेत आणि त्या फळ्यांवर आम्ही राहतो. वरचा जबडा आणि खालचा जबडा, अशा जोड्या. आम्हाला ओठ नाहीत, गाल नाहीत, जीभ नाही, म्हणून आम्ही सदान्‌कदा हसत असल्यासारखे दिसतो. खोली झाडायला येणारी बाई आमच्याकडे पाठ करून झाडते आणि मी तिला नावं ठेवत नाही. इतकी तोंडं आणि एकालाही चेहरा नाही, अशा खोलीत कोणालाही समोर बघवणार नाही.

आमच्यापैकी काहींची माणसं आता या जगात नाहीत. नरखेडकडचे नत्थूजी म्हणून संत्र्याचे बागायतदार होते. ते जाऊन बराच काळ लोटला, पण त्यांचे दात खालच्या फळीवर अजून हसत बसले आहेत. त्यांना कोणी सांगितलंच नसावं. असो. मला जी गोष्ट सांगायची आहे ती जिवंत माणसाची आहे.

माझा जन्म काजलच्या तोंडात झाला.

काजल तांडापेठेतली. तिच्या घरी आजोबांपर्यंत हातमाग होता. माग गेला, मागाच्या खड्ड्यावर फरशी बसली आणि त्या फरशीवर आता फ्रीज उभा आहे. काजल इतवारीतल्या एका साड्यांच्या दुकानात गिऱ्हाइकांना साड्या उलगडून दाखवते आणि घरी आल्यावर साड्यांना फॉल लावून देते. दोरा तोडायला कात्री शोधत बसण्याची तिच्या घरात रीत नाही. दोरा समोरच्या दातांत धरायचा आणि झटका द्यायचा. तिची आई अनुसया, तिची आजी, सगळ्यांनी दोरा असाच तोडला.

लहानपणापासून काजलचे दात सरळ होते, मोत्यांसारखे म्हणावेत असे. तिशी जवळ आली आणि वरचे समोरचे दोन दात हळूहळू एकमेकांपासून दूर सरकू लागले. कोणी धक्का मारला नाही, कुठे पडली नाही, तरी मधे फट पडली. आधी त्या फटीत दोरा जायचा, मग काडी जाऊ लागली. काजल हसताना तोंडावर पदर धरू लागली. दुकानात साडी अंगावर टाकून दाखवायची तर हात मोकळे लागतात, पदर कुठे कुठे धरणार? म्हणून तिने हसणंच सोडलं. दुकानाचे मालक म्हणाले, "काजल, तू गिऱ्हाइकावर रागावून राहते काय?" तेव्हा ती डॉक्टर मधुवंतींकडे आली. तिला तिचं हसू परत हवं होतं, एवढंच.

साचा कसा घेतात ते तुम्हाला सांगतो. एका ट्रेमध्ये गुलाबी लगदा भरतात आणि तो दातांवर दाबून धरतात. काजल घाबरलेली होती. तिचा श्वास नाकातून जोरजोरात चालला होता आणि घशाची धडधड त्या लगद्यापर्यंत पोचत होती. मग डॉक्टरांनी ट्रे ओढला. पचक् असा आवाज झाला आणि लगद्यात काजलच्या तोंडाची पोकळी उरली. त्या पोकळीत रीनाने, म्हणजे दवाखान्यातल्या मदतनीस मुलीने, पाण्यात कालवलेलं प्लास्टर ओतलं. प्लास्टर घट्ट होताना तापतं, हे ज्यांनी घर बांधलं त्यांना ठाऊक असेल. मलाही ताप चढला. तो उतरला तेव्हा मी दात होतो. रीनाने माझ्या बुडाला पेन्सिलीने 'काजल' असं लिहिलं आणि मला फळीवर ठेवलं.

बाकीचे साचे एकदा थंड झाले की झाले. माझं तसं झालं नाही. काहून, ते मला आजतागायत कळलेलं नाही. इतवारीत काजल बर्फाचा गोळा खाई आणि इकडे फळीवर माझे समोरचे दात शिवशिवत. ती दुपारी डब्यातला ठेचा खाई आणि माझ्या हिरडीच्या काठाला चुरचुर होई. आणि दिवसातून काही वेळा मला एक वास येई. गुळाचा गोड आणि त्याच्या आत काहीतरी जळकं, कडू. त्या वासानंतर माझ्या हिरडीचा काठ बधिर होऊन जाई, जणू कोणी तिथे बोट ठेवून गप्प बस म्हणत होतं.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, मित्रांनो. साच्यात फक्त बाहेरचं उमटतं. माझ्यात दात आहेत, हिरडीचा वरचा काठ आहे, बस. माझ्या दातांखाली भरीव प्लास्टर आहे. खऱ्या माणसाचे दात हाडात रोवलेले असतात आणि हिरडी त्या हाडावर घट्ट बसलेली असते. हिरडीला रोग लागला की ती दातापासून सुटते, मधे खोबण पडते आणि आतलं हाड झिजायला लागतं. हाड झिजलं की दात भुसभुशीत मातीतल्या खुंटासारखे कलतात. मोठ्या माणसाच्या दातांत आपोआप फट पडू लागली तर ती नुसती फट नसते. अशा दातांना तार लावून ओढायचं म्हणजे आधीच सैल झालेला खुंट हलवून हलवून उपटायचा. म्हणून तार लावण्याआधी हिरडी मोजायची असते. त्यासाठी टोकाशी बारीक खुणा कोरलेली एक बोथट सळई मिळते. निरोगी हिरडीत ती दोन-तीन खुणा आत जाते आणि थांबते.

डॉक्टर मधुवंतींना हे ठाऊक नव्हतं काय? चांगलं ठाऊक होतं. त्या हुशार आहेत, हात हलका आहे, पेशंटशी गोड बोलतात. पण त्या दिवशी बाहेर बाकावर माणसं दाटीने बसली होती. डॉक्टरांनी काजलचा ओठ उचलला, आरशाच्या दांड्याने हिरडी दाबून पाहिली. हिरडी फिकट आणि घट्ट होती. रक्ताचा थेंब नाही.

"हिरड्या छान आहेत हो तुझ्या," त्या म्हणाल्या. "रक्त येतं का कधी ब्रश करताना?"

"नाही मॅडम. कधीच नाही."

ते खोटं नव्हतं. काजलने कुठलासा जुना एक्स-रे आणला होता. त्यात नेमके समोरचेच दात धूसर होते. नवा काढायचा तर तिला पुन्हा एक सुट्टी घ्यावी लागली असती. डॉक्टरांना तिची कीव आली आणि त्यांनी तेवढ्यावर भागवलं. सळई ट्रेमध्ये तशीच राहिली. कीव करतानाही माणसाचं नुकसान होतं, हे मी त्या दिवशी शिकलो.

तार लावायच्या दिवशी डॉक्टरांनी मला टेबलावर ठेवलं आणि काजलला तिची फट समजावून सांगितली. सोबत अनुसयाबाई आल्या होत्या. त्यांचं माहेर उमरेडचं; लग्न होऊन तांडापेठेत आल्या आणि सासऱ्यांच्या मागासाठी सुताच्या कांड्या भरता भरता म्हाताऱ्या झाल्या. त्यांच्या तोंडात एकही दात नाही.

"हे माह्यं तोंड आहे?" काजलने हळूच विचारलं. तिने मला हातात घेतलं. तिचा अंगठा माझ्या समोरच्या दातावर टेकला आणि त्याच क्षणी तिने दुसरा हात स्वतःच्या तोंडाकडे नेला. तिला काय जाणवलं ते मला माहीत आहे, कारण मलाही जाणवलं.

अनुसयाबाई खुर्चीसकट मागे सरकल्या. "झाकून ठेवा मॅडम त्याले. जित्या मानसाचे दात असे बाहेर काढून नाही ठेवत."

"काकू, प्लास्टर आहे ते," डॉक्टर हसून म्हणाल्या.

"असन. पन ते माह्याकडे पाहून राहिलं."

मला डोळे नाहीत, हे खरं. पण बाई खोटं बोलत नव्हती.

तार लागली आणि फट भराभर मिटू लागली. इतकी भराभर की सगळे चकित झाले. जे दात जागचे हलायला महिनोन्‌महिने घेतात ते काजलच्या तोंडात लोण्यातून सुरी फिरावी तसे सरकले. डॉक्टरांना आनंद झाला. काजलला तर काय करू अन् काय नको असं झालं. ती दुकानात पुन्हा हसू लागली. येणाऱ्या-जाणाऱ्या पेशंटना रीना मला काढून दाखवी. "हे पहा, पहिले असे दात होते. आता पाहाल त ओळखनार नाही." मी हातोहात फिरलो. फळीवरच्या कुठल्याच जबड्याची एवढी वाहवा झाली नव्हती. पण ज्या हातांत मी जाई, त्या हातांना मी गार लागत नसे. एका बाईने तर मला चटकन खाली ठेवलं आणि ओढणीला हात पुसला.

दात का एवढे सहज सरकताहेत, हे कोणी विचारलं नाही. यश मिळत असलं की माणूस प्रश्न विचारत नाही. काजलला जेवताना समोरचे दात हलल्यासारखे वाटत, पण शेजारच्या बायकांनी तिला सांगितलं होतं, "तार लावली का दात हालतातच वं." थोडे हलतातच, त्यामुळे तेही खोटं नव्हतं. असं सगळीकडून अर्धं अर्धं खरं जमलं होतं आणि त्याच्या खाली काजलचं हाड विरघळत होतं. मी इकडे फळीवर तळमळत होतो. दातांच्या कण्या करून सांगितलं असतं, पण कण्या करायला जीभ लागते.

मग माझ्यावर डाग पडू लागले.

आधी समोरच्या दोन दातांच्या मुळाशी, हिरडीच्या काठाला, एक तपकिरी रेघ उमटली. रीनाला वाटलं भिंतीची ओल लागली. तिने ओल्या कापसाने पुसून काढली. दुसऱ्या दिवशी रेघ पुन्हा तिथेच होती. तिने मला वरच्या फळीवर, भिंतीपासून लांब ठेवलं. तिथेही रेघ आली आणि शेजारच्या दाताकडे सरकली. मग रीनाने मला पुसायचं सोडलं. ती मला डब्यात घालून वर झाकण लावू लागली आणि झाकण लावताना तोंडाने रामनाम म्हणू लागली. मला ते ऐकू येई.

उन्हाळा आला. नागपुरातला नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते नऊ होरपळणारे दिवस, ज्यांनी काढला आहे त्यांना ती दुपार वेगळी सांगायला नको. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसतं. दुकानांची शटरं खाली, खिडक्यांना ओल्या पडद्यांची झापडं. सगळं शहर आहे आणि कोणीच नाही, असं वाटतं. भर उजेडात इतकं निर्मनुष्य की माणसाला स्वतःच्या चपलांचा आवाज दचकवतो. अशा एका दुपारी दवाखाना बंद होता. रीना जेवायला घरी गेली होती. डॉक्टर मात्र एकट्याच थांबल्या होत्या, कारण ऊन उतरल्यावर काजल येणार होती आणि तिची तार आणखी आवळायची होती. शेवटची उरलीसुरली फट त्या दिवशी मिटवायची होती.

तार त्या दिवशी आवळली गेली असती तर काजलचे समोरचे दात हाडातून सुटले असते. हे मला दगडावरच्या रेघेसारखं स्पष्ट कळत होतं, कारण माझ्या आतही काहीतरी सुटत चाललं होतं.

डॉक्टरांनी डबा उघडला आणि मला बाहेर काढलं. खोलीत कूलरची घरघर होती. त्यांनी मला टेबलाच्या दिव्याखाली धरलं, फटीचं माप घेण्यासाठी पुढे वाकल्या आणि समोरचा डावा दात अंगठ्याने दाबला.

दात हलला.

प्लास्टरचा दात मोडतो, मित्रांनो. टवका उडतो, तडा जातो. तो हलत नाही. पण माझा दात ओल्या हिरडीत हलावा तसा त्यांच्या अंगठ्याखाली मागे गेला आणि पुन्हा जागेवर आला. डॉक्टरांनी हात काढला नाही. त्यांना काढताच आला नाही. थोड्या वेळाने त्यांनी पुन्हा दाबून पाहिलं. या वेळी दात दगडासारखा घट्ट होता. त्यांनी मला दिव्याजवळ नेलं, भिंग लावून पाहिलं, तडा शोधला. तडा नव्हता. फक्त ती तपकिरी रेघ होती. त्यांनी नखाने रेघ खरवडली आणि नख नाकाजवळ नेलं.

गूळ आणि तंबाखू.

त्या खुर्चीवर बसल्या. एवढ्या उन्हाळ्यात त्यांच्या हातांवर काटा उभा राहिला होता. डोळ्यांवर विश्वास ठेवावा तर शिकलेलं सगळं खोटं ठरतं, आणि न ठेवावा तर बोटाला जे लागलं त्याचं काय करायचं? मग त्यांनी कपाट उघडलं आणि काजलच्या वेळी ट्रेमध्येच राहिलेली ती सळई काढून उकळायला टाकली.

काजल आली ती हसतच. सोबत अनुसयाबाई, डोक्याला उन्हाचं फडकं गुंडाळलेल्या. काजलच्या तोंडाला बडीशेप आणि लवंगेचा भरघोस वास होता.

"आज पक्कं मिटन न मॅडम?" तिने खुर्चीत बसत विचारलं.

"आज तार नाही आवळायची. आज मोजायचं आहे," डॉक्टर म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता.

मला त्यांनी शेजारच्या टेबलावर ठेवलं होतं. जेवून परतलेल्या रीनाने दिवा धरला. डॉक्टरांनी सळईचं टोक काजलच्या समोरच्या दाताच्या कडेला, हिरडीच्या काठावर ठेवलं आणि अगदी हलक्या हाताने आत सोडलं. सळई गेली. पहिल्या खुणा गेल्या, जिथे थांबायचं ते ठिकाण गेलं, आणि ती जातच राहिली. तिला अडवायला आत काही नव्हतं. रीनाने दिवा आणखी जवळ आणला. सगळ्या खुणा हिरडीत बुडाल्या आणि एवढं होऊनही रक्ताचा एक थेंब वर आला नाही. काजल शांत पडून होती. तिला दुखतही नव्हतं.

"दुखलं का?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाही. झालं काय?"

डॉक्टरांनी सळई बाजूला ठेवली, हातमोजे काढले आणि स्टूल ओढून काजलच्या समोर बसल्या. "काजल, मला एक खरं सांग. मी रागावणार नाही. तंबाखूचं काही लावतेस का दातांना?"

काजलने आईकडे पाहिलं. अनुसयाबाईंनी फडकं सोडलं, पुन्हा बांधलं. मग कमरेच्या पिशवीतून एक चपटी डबी काढून टेबलावर ठेवली. डबी उघडताच तो वास खोलीभर झाला. आत काळा चिकट लगदा होता. गुडाखू म्हणतात त्याला, तंबाखू आणि गुळाचं दंतमंजन. बोटावर घेऊन हिरड्यांना चोळायचं.

"आमच्यात सगळ्याच बायका लावतात," अनुसयाबाई म्हणाल्या. "पोरगी लहान होती, दाढ दुखे, म्हून म्याच लावाले शिकवलं. इथं यायच्या पहिले त मी मुद्दाम घासाले लावतो तिले. चांगलं रगडून. रगत आलं त तुमी तार नाही लावून देनार, असं आयकलं होतं. गुडाखूनं हिरडी आवळते, रगत येत नाही."

तंबाखूने हिरडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आखडतात. आत कितीही सडलं तरी वरून रक्त येत नाही, हिरडी घट्ट दिसते. रक्त म्हणजे हिरडीची हाक असते. या मायलेकी दवाखान्यात येण्याआधी त्या हाकेच्या तोंडात बोळा कोंबून येत होत्या, आणि डॉक्टर त्या शांततेला आरोग्य समजल्या होत्या.

"माह्येही असेच गेले," अनुसयाबाई पुढे म्हणाल्या. त्यांनी तोंड उघडून दाखवलं. आत नुसती गुळगुळीत हिरडी होती. "एक एक करून. दुखलं नाही, रगत नाही. कांड्या भरता भरता बोटानं काहाडून घेतले. मले वाटे, देवानं त्रास नाही देला."

मी त्या बाईच्या रिकाम्या तोंडाकडे पाहत होतो आणि आयुष्यात पहिल्यांदा मला एखाद्या माणसाच्या तोंडाची भीती वाटली.

काजल उठून बसली. "म्हंजे माह्ये दात तुमी हालवले?"

"आजार आधीपासून होता," डॉक्टर म्हणाल्या. "पण मी तो न बघता तार लावली, आणि तारेनं तो वाढला. रक्त नाही म्हणून मी मोजलंच नाही. ही चूक माझी आहे, काजल. तुझ्या आईची नाही."

"दात राहतीन का?"

"सगळे राहतील असं मी आत्ता म्हणणार नाही."

काजल रडली. फार आवाज न करता, तोंडावर पदर धरून, जसा ती पूर्वी हसताना धरायची. मी शेजारी पडून होतो आणि माझ्या हिरडीच्या काठाला ओल येत होती. रीनाने ती पाहिली आणि या वेळी पुसली नाही.

तार ढिली केली. समोरच्या दातांचे नवे, लहान एक्स-रे काढले. त्यात हाड कुठवर उतरलं आहे ते लख्ख दिसलं. हिरड्यांवर उपचार करणाऱ्या दुसऱ्या डॉक्टरांनी हिरडीखाली साचलेली घाण टप्प्याटप्प्याने खरवडून काढली. दोरा दाताने तोडणं बंद झालं आणि काजलच्या गळ्यात शिंप्यासारखी छोटी कात्री आली. गुडाखू सोडणं मात्र सोपं नव्हतं. ती चिडचिडी झाली, दुकानात भांडली, एकदा तर रीनाला फोनवर वाट्टेल ते बोलली. पण तिने सोडली.

आणि एका सकाळी डॉक्टरांचा फोन वाजला. काजल घाबरून बोलत होती. ब्रश करताना रक्त येऊन राहिलं, बेसिन लाल झालं, आता काय करू.

डॉक्टरांनी डोळे मिटले. "येऊ दे बेटा," त्या म्हणाल्या. "घाबरू नको. तुझी हिरडी जागी झाली. ब्रश थांबवू नकोस आणि संध्याकाळी ये, बघते मी."

त्या दिवशी माझ्यावरची तपकिरी रेघ गेली. कोणी पुसली नव्हती.

बाकीचे दात हळूहळू घट्ट झाले. पण समोरचा डावा, जो त्या दुपारी डॉक्टरांच्या अंगठ्याखाली हलला होता, तो राहिला नाही. त्याच्याभोवती हाडच उरलं नव्हतं. डॉक्टरांनी तो चिमट्यात धरला आणि तो न ओढताच हातात आला. काजलने तो एका कागदावर ठेवून पाहिला. मुळापर्यंत शाबूत, कीड नाही, डाग नाही. एवढा चांगला दात का पडला म्हणून ती त्याच्याकडे बघत राहिली.

आता या दवाखान्यात तार मागायला कोणीही आलं तरी आधी सळई निघते. बाहेर बाकावर कितीही माणसं असोत. डॉक्टर प्रत्येकाला, पोराला आणि म्हातारीलाही, गुडाखू, नस, खर्रा असलं तंबाखूचं काही लावतो का, खातो का, असं साध्या आवाजात विचारतात. चेहरा वाकडा करत नाहीत, कारण लाजलेला माणूस पुढच्या वेळी बडीशेप खाऊन येतो. तार लागल्यावरही मोजणं थांबत नाही. दात फार सहज सरकू लागला तर त्या खूश होत नाहीत, हात आवरतात. अनुसयाबाईंनी स्वतःची डबी सोडली की नाही, ते मला माहीत नाही. लेकीसोबत येतात तेव्हा त्यांच्या तोंडाला अजून लवंगेचा वास असतो आणि मला तो संशयास्पद वाटतो.

तुम्हीही ऐकाल का, मित्रांनो? हिरडीतून रक्त आलं तर लपवू नका, आणि येत नाही म्हणून निर्धास्तही राहू नका. डॉक्टरांनी विचारलं तर जे तोंडात घालता ते सांगा. त्यांनी मोजलं नाही तर मोजा म्हणा. यात कोणाचा अपमान होत नाही.

काजलला नवा दात बसवायचं ठरलं तेव्हा प्रश्न आला, की तो कसा होता? त्याचा उंचवटा, त्याची धार, कडेचा तो थोडासा तिरपा कोपरा आता कोणाला ठाऊक होता? फक्त मला. मला दात घडवणाऱ्या कारागिराकडे पाठवलं. त्याने माझा दात सगळ्या बाजूंनी मापला, तसाच्या तसा दुसरा घडवला आणि तो काजलच्या तोंडात बसला.

ती आता पदर न धरता हसते. इतवारीतल्या त्या दुकानात तुम्ही कधी गेलात तर ती तुम्हाला साडी उलगडून दाखवील आणि हसेल, आणि तुम्हाला सगळे दात सारखेच दिसतील. त्यांतला एक माझा आहे. त्याला बर्फाचा गोळा गार लागत नाही, ठेचा तिखट लागत नाही. तिच्या बाकीच्या दातांना जे सगळं कळतं त्यातलं त्याला काहीही कळत नाही. तिच्या उबदार तोंडात तो एकटा थंड बसून असतो.

फळीवर आम्ही खूप आहोत. लागला तर प्रत्येकाला एकेक दात देऊ. पण तुम्ही मागायला येऊ नका.